जमिनीतली नाशपाती

लाखांदूरचे केशवराव अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. त्यांची मुलगी भावना नर्सिंग करून, वर दीड वर्ष जर्मन शिकून, गेल्या हिवाळ्यात जर्मनीतल्या एका इस्पितळात लागली. तिसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला.

“बाबा, मी वापस येऊन राहिली.”

“काहून?”

“मी शिकली ते जर्मन इथले म्हातारे पेशंट बोलतच नाहीत. त्यायची गावची बोली वेगळीच. काल एक आजोबा ‘ग्रुम्बेरे, ग्रुम्बेरे’ म्हणत होते. मले समजलं नाही, मी नुसती हो-हो केली. ते रागावले, जेवलेच नाहीत.”

फोन स्पीकरवर होता; शेजारी बसलेल्या भावनाच्या आईनं, सुमनबाईंनी, डोळ्यांना पदर लावला. केशवरावांना आपली सांगलीकडची पहिली नेमणूक आठवली. तिथं त्यांच्या ‘काहून’ला सगळी गाडी हसायची. एकदा एक म्हातारी टोपली देत म्हणाली, “माळवं हाय.” त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि टोपली पोत्यांखाली सारली. आतले टमाटे पार चेपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाली मान घालून तिला अर्थ विचारला. मळ्यात पिकतं ते माळवं, म्हणजे भाजीपाला, असं म्हातारीनं हसत हसत सांगितलं.

“समजलं नव्हतं त हो कायले म्हटलं?” ते भावनाला म्हणाले. “उद्या त्यायच्याजवळ बस. म्हण, मले नाही येत, सांगा. शब्द कुठून आला तेही विचार. माणसाले त्याच्या बोलीचं विचारलं का तो खुलते.”

दोन दिवसांनी भावनाचा आवाजच वेगळा होता.

“बाबा, ग्रुम्बेरे म्हणजे आलू. पुस्तकात कार्टोफेल आहे. आजोबा सांगत होते, आलू बाहेरून आला तवा त्याले नाव नव्हतं. लोकायनं जमिनीतली नाशपाती म्हटलं, ग्रुंडबिर्ने. बोलता बोलता झिजून त्याचं ग्रुम्बेरे झालं.”

“मंग जेवले का?”

“दोन उकडलेले आलू खाल्ले. आन् माझा उच्चार दहादा सुधरवला.”

“आलू कुठं नाशपातीसारखा दिसते?” सुमनबाईंनी मधेच विचारलं.

“ज्यानं पहिल्यांदा पाह्यला, त्याले दिसला असंल,” केशवराव म्हणाले.

भावना परतली नाही. आता तिच्या वॉर्डात नवी नर्स आली की म्हाताऱ्यांचं बोलणं समजून घ्यायला तिलाच हाक मारते. मागच्या महिन्यात तिची नोकरी पक्की झाली आणि तिनं आईबाबांना उन्हाळ्यात बोलावलं. सोमवारी दोघं पासपोर्टच्या कामानं भंडाऱ्याला निघाले. सुमनबाई वाटभर एकच विचारत होत्या, तिकडच्या उन्हाळ्यात स्वेटर लागते का.