हँडलवरचा फोन आणि रस्त्यावरचा गोटा

सोयाबीन काढणीला आलं की ती घटना मला आठवतेच. कोणाचं नाव देत नाही, गावाचंही देत नाही. अकोल्याहून अमरावतीकडे जाताना मूर्तिजापूरच्या आसपास कुठेतरी, एवढं वाचकांना पुरे.

मी मूळचा या मुलखातला नाही. समुद्रकाठचा माणूस. दहावीनंतर शाळा सुटली, पोलीस भरतीला अमरावतीला आलो, शिपाई म्हणून लागलो आणि खात्याच्या परीक्षा देत देत शेवटी फौजदार झालो. स्वभाव धास्तीचा. लॉकअपचं कुलूप लावून दोन पावलं गेलो की परत येऊन ओढून बघायचो. वऱ्हाडातल्या लोकांनी माझी त्यावरून भरपूर चेष्टा केली, पण सांभाळूनही घेतलं. त्यांचे उपकार आहेत. असो.

दिवाळीच्या आधीची दुपार होती. ठाणे अंमलदारांनी फोन घेतला आणि हात वर करून मला थांबवलं. मोटारसायकल घसरली होती. मागे बसलेल्या बाईला ऑटोतून दवाखान्यात नेत होते. आम्ही जीपमध्ये बसेपर्यंत दुसरा फोन आला, बाई वाटेतच गेली.

घटनास्थळी गावातली पंधरा-वीस माणसं बाभळीच्या सावलीत उभी होती. मोटारसायकल कडेला आडवी. हँडलवर मोबाईल लावायचा स्टँड, त्यात फोन तसाच अडकलेला, काचेला तडे गेलेले. मी काही विचारायच्या आत चार जण एकदम बोलले.

"साहेब, फोटो काढून राहिला होता चालत्या गाडीवर."

"आजकालचे पोट्टे बाप्पा! पुढं यम दिसला तरी पयले फोटो काढतीन."

गाडी चालवणारा तरुण रस्त्याच्या कडेला बसला होता. कोपर सोललेलं. मी विचारलं तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"हो साहेब. फोटोच काढत होतो. चूक माहीच आहे."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्या प्रश्नाला कबुली देणारे फार थोडे भेटले. बहुतेक माणसं आधी खोटं बोलतात, मग अर्धं खरं. हा पहिल्याच झटक्यात सगळं अंगावर घेत होता. मला बरं वाटायला हवं होतं, पण धास्ती वाटली. कुलूप ओढून बघावं तशी.

पंचनामा करताना दोन गोष्टी दिसल्या. गाडीच्या पुढच्या चाकाच्या रिमला खोल पोचा होता. रस्ता नवीन, खड्डा नाही. सपाट डांबरावर घसरून रिम चेपत नाही. आणि दुसरं म्हणजे गाडी पडली होती ती रस्त्याची बाजू अगदी स्वच्छ होती. दुसऱ्या बाजूला धूळ, पालापाचोळा, गुटख्याच्या पुड्या. या बाजूला लांबवर काहीच नाही. दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. अर्थ तेव्हा लागला नाही.

संध्याकाळी गेलेल्या बाईचे वडील अमरावतीकडून ठाण्यात आले. स्वतः शेतकरी, उंचेपुरे, डोक्याला पांढरा रुमाल. आल्या आल्या त्यांनी जावयाकडे बोट केलं.

"ह्या माणसानं माही पोरगी मारली. अपघात नाई हा. महिना झाला दोघांची भांडणं चालू होती. मारायसाठीच घेऊन निघाला होता तिले."

मग त्या तरुणाच्या समोर जाऊन म्हणाले, "नात माह्यापाशी हाय. ते आता तुले जन्मात दिसत नाई."

नात म्हणजे या जोडप्याची तीन वर्षांची मुलगी. आजोळी राहायला गेली होती, तिलाच आणायला हे दोघे अकोल्याहून निघाले होते. तरुणाचा चेहरा पहिल्यांदा हलला तो या वाक्याला. तोवर तो दगडासारखा होता.

आता प्रश्न साधा होता आणि जडही. निष्काळजीपणाचा गुन्हा एक, खुनाचा आरोप दुसरा. सासऱ्यांनी लेखी तक्रार दिली होती. तपास चुकला तर त्या मुलीला आई तर नव्हतीच, बापही राहिला नसता.

दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवलं. आमचे हवालदार बाजूला होते, अस्सल वऱ्हाडी माणूस, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. फोन मुद्देमालात जमा होता, पण लॉक होता.

"फोन उघडून दे," मी म्हटलं.

"त्यात काय हाय ते मले मालूम हाय साहेब. मी कबूल करून राहिलो ना. काहून उघडता?"

"फोटो कसा काढत होतास?"

"बटण असते एक लहानसं. फोनले जोडलेलं असते. दाबलं की फोटो निघते."

"बटण कुठे आहे?"

"पडलं असन कुठी तरी."

"पुढच्या चाकाला काय लागलं?"

त्याने सोललेलं कोपर चाचपलं. मग म्हणाला, "मी समोर पाह्यलंच नाई तर मले काय मालूम."

हवालदार बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, हा खोटं नाई बोलून राहिला. पण पुरं खरंबी नाई सांगून राहिला."

माझंही तेच मत होतं.

खबर आली ती बकऱ्यांमुळे. आम्ही पुन्हा जागा पाहायला गेलो तेव्हा एक म्हातारी बकऱ्या घेऊन तिथेच उभी होती. बकऱ्या हिरवं गवत सोडून त्या स्वच्छ कडेच्या मुरमात तोंडं घालत होत्या. हवालदारांनी सहज विचारलं, "आजी, तुह्या बकऱ्या गोटे खातेत का वं?"

"गोटे कायले खातीन? सोयाबीन हुडकतेत. परवापर्यंत इथं पिवळंजर्द पसरलं होतं. लय हाकललं मले त्या वावरवाल्यानं. आता पाहा, कसा आरशासारखा झाडला रस्ता."

एवढं बोलून तिने जीभ चावली, बकऱ्या वळवल्या आणि निघाली. मी मुरमात बोट घातलं. सोयाबीनचे दाणे होते.

मी हवालदारांना विचारलं, "सोयाबीन रस्त्यावर कशाला?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "वाळवाले साहेब. डांबर तापते ना. अन् गाड्या वरून जाऊ नये म्हणून बाजूनं गोटे लावतेत. सारेच लावतेत. तुमी नाई का मासे वाळवत? तसंच ते."

"मासे आम्ही वाळूवर वाळवतो. वाळूवरून गाड्या जात नाहीत."

हवालदार मान हलवत पुढे निघाले. जीपपर्यंत आलो, त्यांनी दार उघडलं, आणि उघडं दार धरून तसेच उभे राहिले. "साहेब," ते म्हणाले, "रिम."

इतकी वर्षं त्या रस्त्याने मीही गेलो होतो. दगडांची ती रांग मीही पाहिली असणार. पण रोज पाहणाऱ्याला ती दिसतच नाही, जशी घराच्या उंबऱ्याची उंची दिसत नाही. पाय आपोआप उचलला जातो.

शेजारच्या शेताच्या मालकाला ठाण्यात बोलावलं. त्याने खांदे उडवले.

"कोणतं सोयाबीन? आमचं तं घरीच वाळते, आंगणात."

"रस्ता कोणी झाडला?"

"वारं लय होतं त्या दिशी."

"वारा एकाच बाजूने झाडतो काय हो?" हवालदार म्हणाले. शेतकऱ्याने खाली पाहिलं, पण कबूल झाला नाही. गाव त्याच्या बाजूने होतं. कोण बोलणार? प्रत्येकाचं सोयाबीन रस्त्यावरच वाळत होतं.

तेव्हा मी परत त्या तरुणाकडे गेलो. चहा मागवला. म्हटलं, "त्या दिवशी रस्त्यावर सोयाबीन होतं. दगड होते. तू हे सांगितलं का नाहीस?"

तो गोंधळला. खरंच गोंधळला, नाटक नव्हतं ते.

"त्यात सांगाचं काय साहेब? सोयाबीन तं असतेच. आमचा बाबाबी रस्त्यावरच वाळवते. गोटे मीच लावून देतो."

"रिमला दगड लागलाय. तुझ्या बायकोचा जीव त्या दगडाने गेला."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला, जणू ते दगड लावणारे हात आता दिसले.

"फोन उघड," मी म्हटलं. "ते सोयाबीन फोटोत असेल तर तोच एक पुरावा, गावात सांगायला दुसरं कोणी नाही. तुझी मुलगी परत हवी आहे ना?"

पंच बोलावले. त्याने दोघांसमोर फोन उघडला आणि तोंड भिंतीकडे केलं.

शेवटचा फोटो पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला होता. हँडलवरून वर पाहणारा. तो स्वतः, डोळे फोनकडे. त्याच्या खांद्यावरून पुढे झुकलेली त्याची बायको, खळखळून हसणारी. आणि तिच्या मागे दूरवर गेलेला रस्ता, अर्धा काळा, अर्धा पिवळा, पिवळ्याच्या कडेने दगडांची रांग, आणि दाताळ्याने सोयाबीन पसरणारा शेतकरी. त्याचा तोच हिरवा शर्ट, जो घालून तो ठाण्यात आला होता.

पण मी थांबलो ते दुसऱ्याच गोष्टीवर. तिने हात वर केला होता. अंगठ्याखाली लहानसं काळं बटण.

"बटण तिच्याकडे होतं," मी म्हटलं.

तो भिंतीकडे बघूनच बोलला. "भांडण मिटलं होतं आमचं. बायको म्हणे, तुमी रस्त्याकडं पाहा, फोटो मी काढतो. मी रस्त्याकडं पाहाले पायजे होतं. मी फोनकडं पाह्यलं, ते हासून राहिली होती म्हणून. चूक माहीच हाय साहेब. पण बटण तिच्या हातात होतं हे सांगतलं असतं तं लोक म्हणले असते, सोताच्याच करणीनं मेली. पोरगी मोठी झाली की तिलेबी तेच सांगतलं असतं."

फोटो दाखवल्यावर शेतकरी दहा मिनिटांत बोलला. "गोटे नाई ठेवले तं गाड्या सोयाबीनावरून नेतेत साहेब. शेवटचा जरा मोठा ठेवला होता, वळणावर, लांबून दिसावा म्हणून." नंतर भीतीने सगळं गोळा केलं, रस्ता झाडला, दगड नाल्यात फेकले. त्याच्या निवेदनावरून पंचांसमक्ष नाल्यातून तो दगड काढला. एका बाजूला टायरची काळी रेघ होती.

सासऱ्यांना मी स्वतः बोलावून घेतलं. तक्रार त्यांची होती, त्यांना कळायला हवं होतं. टेबलावर एका बाजूला पंचनामा झालेला दगड, दुसऱ्या बाजूला फोन. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मुलीचं हसू पाहिलं. बटण पाहिलं. मग बोटांनी फोटो मोठा केला आणि तिच्या मागचा रस्ता बघत राहिले. मला वाटलं, आता शेतकऱ्याला शिव्या देतील. त्यांनी खिशातून स्वतःचा मोबाईल काढला आणि घरी फोन लावला.

"कोण? हो, मीच. रोडवरचे आपले गोटे उचल आधी. सोयाबीन राहू दे... काहून म्हणजे? उचल म्हणतो ना. मोजत बसू नको, सारे उचल."

फोन ठेवून ते जावयासमोर उभे राहिले. ठाण्यात आल्यापासून त्यांनी त्याला 'हा माणूस' म्हटलं होतं.

"जवाईबापू," ते म्हणाले, "पोरगी तुमची वाट पाहून राहिली. तिले न्याले कवा येता?"

खुनाचा आरोप टिकला नाही. दोषारोपपत्रात मी दोघांची नावं घातली. गाडी चालवताना फोनकडे पाहणाऱ्याचं, आणि रस्त्यावर दगड ठेवून पुरावा नष्ट करणाऱ्याचं. तरुणाने त्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. दोघांनाही कोर्टात त्यांचा त्यांचा हिशेब द्यावा लागला, आणि ते बरोबर होतं. हँडलवर फोन लावला म्हणजे हात मोकळे राहतात, हे खरं. नजर मोकळी राहत नाही. पण सगळं पाप त्या फोनवर ढकलून गाव मोकळं झालं असतं, आणि पुढच्या वर्षी त्याच वळणावर तोच दगड असता.

तपासात आपण लपवलेलं शोधत असतो. या गुन्ह्याने मला दुसरी गोष्ट शिकवली. लोक रोज जे करतात ते लपवावं लागत नाही. ते कोणी विचारत नाही आणि म्हणून कोणी सांगतही नाही. त्या पोराने बायकोची आठवण जपायला एक गोष्ट मुद्दाम दडवली, आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याला सांगण्यासारखी वाटलीच नाही. तेव्हापासून मी साक्षीदाराला शेवटचा प्रश्न असा विचारायचो: "आणि नेहमीसारखं काय काय होतं?"

आता निवृत्त आहे, अकोल्यातच राहतो. काढणीच्या दिवसांत त्या रस्त्याने स्कूटरवरून गेलो की वळणावर थांबतो आणि रांगेतला शेवटचा दगड उचलून कडेला टाकतो. गेल्या वर्षी एक म्हातारा काठी घेऊन धावत आला.

"ओ बुढेबुवा, काहून हात लावून राहिले आमच्या गोट्याले?"

मी म्हटलं, "सोयाबीन तुमचं राहू द्या. गोटा तेवढा मी नेतो."