अण्णांनी घेतलेलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरीला नाही — पोरीला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तरीही लिहायला बसताना दाराला आतून कडी घातली. भर दुपारी, घरात कुणी नसताना. माझं वय अडुसष्ट. या वयात मला कोण काय करणार आहे? तरी घातली.

भीती कशाची, म्हणाल. एका साध्या बोलण्याची. मागं राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीच्या वेळी भालकीच्या स्टँडसमोर चहाला बसलो होतो. टीव्हीवर उमेदवारांचे फोटो येत होते आणि बाजूच्या बाकावर नेहमीचंच चाललं होतं — पहिले राष्ट्रपती कसले होते, कसली ती माणसं, आताच्यांना त्यांची सर येईल का? एकजण म्हणाला, "ह्यो मातर त्येंच्यासारखा दिसायलाय बघा. बसनं तसंच, बोलनं तसंच." एवढंच. मी अर्धा चहा ठेवून बाहेर आलो. 

मी इतिहास शिकवायचो. तीस वर्षं मुलांना सांगत आलो की थोर माणसांशी आपली तुलना करून बघावी. बघावी का? आता मला कळत नाही. एक तुलना मी स्वतः केली होती, भरसभेत, उभं राहून — आणि ती खोटी होती. नुसती चुकीची नव्हे. खोटी. पण थांबा, अण्णा कोण ते आधी सांगायला हवं.

भालकीजवळच्या मेहकरच्या पलीकडं, कर्नाटकातच, आमचं गाव. तिथली मराठी शाळा अण्णांनी तुरीच्या रिकाम्या गोदामात सुरू केली, पोती झाडून त्यावर मुलं बसवली. पुढं इमारत झाली, हायस्कूल झालं, संस्था झाली. अण्णा शेवटपर्यंत तिचे अध्यक्ष. स्वच्छ धोतर, हातात छत्री, बोलताना मान जराशी डावीकडं झुकलेली. आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. गावात दोन भावांचं भांडण झालं तरी अण्णांच्या ओट्यावर येऊन मिटायचं.

आणि रत्नाक्का. आमच्या हेडमास्तरीण. घरी कन्नड, देव्हाऱ्यात बसवण्णा, आणि शाळेत मराठी अशी शिकवायच्या की उदगीर-लातूरकडच्या लोकांनी ऐकत राहावं. लग्न केलं नाही. अण्णांसारख्या मात्र अजिबात नव्हत्या. मोठ्यानं बोलायच्या, तोंडावर बोलायच्या. खुद्द अण्णांना बैठकीत म्हणायच्या, "तुमी कुनालाच न्हाई म्हनत न्हाईत, म्हनून मला म्हनावं लागतंय." अण्णा हसायचे. बाकीच्यांना राग यायचा.

अण्णा आजारी पडले तेव्हा त्यांना गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. शाळेत परीक्षा चालू, म्हणून रत्नाक्का मागं राहिल्या आणि सोबतीला मी गेलो. तीन आठवडे राहिलो. तिथं अण्णा माझ्याशी जे बोलले ते ऐकायला तिसरं माणूस नव्हतं. पुढचं सगळं त्यामुळंच झालं — नाही, माझ्यामुळं झालं. बघा, अजून सवय जात नाही.

अण्णा गेले. महिन्याभरात नव्या अध्यक्षासाठी सभा ठरली. नावं दोन आली, रत्नाक्कांचं आणि शिवराजचं. शिवराज आमच्याच गावचा, गुलबर्ग्याला डाळीची गिरणी चालवणारा. पँट-शर्ट, काळा चष्मा, भारी गाडी. पण अण्णांच्या तेराव्याला तो धोतर नेसून आला. हात जोडून, मान डावीकडं झुकवून दारात उभा राहिला, आणि बायका पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "अण्णाच आल्यावानी वाटायलंय की!" त्या दिवसापासून गावात दुसरा विषय राहिला नाही. अण्णांसारखं कोण? शिवराज चालतो तसा, बोलतो तसा, हल्ली आवाजही हळू केलाय. बाईला कुठली अण्णाची सर, ती तर भांडकुदळ. शाळा कोण चालवील हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

सभेला आठवडा होता. दुपारी शिवराज माझ्या घरी आला. एकटाच. बायकोनं चहा केला, तो नीट बसून प्याला, साखर बरोबर झाली म्हणाला. मग बशी खाली ठेवत बोलला, "सर, पोरगी बिदरला शिकायलीय न्हव? नौबादच्या स्टॉपवर उतरती. तिथनं कालेज लांब हाय. एकलीच चालत जायलीय, परवा बघितलो मी."

मी व्हय म्हणालो.

"काळजी घ्या. दिवस चांगले न्हाईत." मग उठता उठता, "सभेत तुमी बोलनार हाव म्हनं. अण्णा शेवटी काय म्हनले, लोक इचारतील की."

बस. एवढंच बोलला. यात धमकी कुठं आहे? शब्दात कुठंच नाही. वर्षानुवर्षं मी ती वाक्यं उलटसुलट करून बघितली आहेत. कदाचित त्याला खरंच काळजी वाटली असेल. कदाचित गाडीतून जाताना ओळखीची पोरगी दिसली, आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून बोलला असेल. मला माहीत नाही. त्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि आता तोही नाही.

तो गेल्यावर मी पोरीला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा तिनं उचलला तोवर मी अंगणात येऊन उभा होतो. म्हटलं, एकटी चालत जाऊ नकोस. ती हसली. "पप्पा, कामून घाबरायलाव? रोज जाते की मी." मी कारण सांगितलं नाही.

तो आठवडा मी जेवलो की नाही आठवत नाही. रोज सकाळी तिचा फोन येईपर्यंत मी फोनजवळच बसून राहायचो. रत्नाक्कांना जाऊन सांगता आलं असतं. त्यांनी शिवराजला चौकात उभं करून विचारलं असतं, तेवढी ताकद होती त्यांच्यात. मी गेलो नाही. जाऊन सांगितलं असतं तर मग सभेत खरं बोलावं लागलं असतं, हो ना?

सभा शाळेच्या मोठ्या वर्गात झाली. सगळे सभासद बाकांवर दाटीवाटीनं बसले होते. एका म्हाताऱ्या सभासदानं विचारलंच, "सर, तुमी हुताव शेवटी. अण्णा कुनाचं नाव घेतले?"

मी उभा राहिलो. रत्नाक्का पहिल्या बाकावर होत्या. शिवराज मागं, धोतरात, मान झुकवून. मी म्हणालो, "अण्णा म्हणाले, शिवराजमध्ये मला माझं रूप दिसतं. माझ्यामागं तोच बसावा."

आवाज कापत होता. लोकांना वाटलं, अण्णांच्या आठवणीनं गळा दाटला. कुणीतरी डोळे पुसले.

रत्नाक्का उठल्या. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "अण्णांचा शब्द असंल तर माझं नाव काढा." आणि खाली बसल्या. मतं मोजायची वेळच आली नाही.

आता खरं सांगतो. दवाखान्यात एका सकाळी अण्णांनी माझं मनगट धरलं होतं. म्हणाले, "माझ्यासारखा हुडकत बसतील हे लोक. हुडकू देऊ नका, सर. मला कुनाला न्हाई म्हनता आलं न्हाई, त्यानं शाळा निम्मी बुडाली. रत्नाला म्हनता येतंय. तिलाच बसवा." मग दम खाऊन म्हणाले, "हे सगळ्यांसमोर तुमीच सांगा. तुमचं मानतील."

मानलं. माझंच मानलं.

शिवराज अध्यक्ष झाला. रत्नाक्कांनी वर्षाच्या आत नोकरी सोडली, आणि त्यांची खुर्ची त्यानं मला दिली. मी नको म्हणालो नाही. तिच्यावर मी निवृत्त होईपर्यंत बसलो. तोवर मराठीचे वर्ग एकेक करून बंद झाले, इंग्रजी शाळेचा फलक लागला, जुन्या शिक्षकांना घरी बसवलं. त्या कागदांवर हेडमास्तर म्हणून सही माझी आहे. पोरगी सुखरूप शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली. तिला काही झालं नाही. काही होणार होतं का, तेही मला कधी कळलं नाही.

पण शाळेचं सांगायला मी कडी घातलेली नाही.

नोकरी सोडून गावातून जाण्याआधी रत्नाक्का माझ्याकडं आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, कुजबुजल्यासारखं बोलली, "सर, खरंच अण्णा असं म्हनले? माझं काहीच बोलले न्हाईत?"

तेव्हा शिवराज निवडून आलेला होता. त्याला माझ्याकडून आणखी काही नको होतं. पोरगी त्या दिवशी सुट्टीला घरीच होती, आत बसून केस विंचरत होती. मला कशाचीही भीती नव्हती — रत्नाक्कांचा चेहरा सोडून. मी म्हणालो, "व्हय अक्का. तुमचं काही बोलले न्हाईत."

पहिलं खोटं भीतीपोटी म्हणता येईल. हे कशापोटी?

त्या आता गुलबर्ग्याला भावाच्या घरी असतात. थकल्यात, पण डोकं शाबूत आहे. गेल्या वर्षी मी गेलो होतो. सांगायलाच गेलो होतो. बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. त्यांनी मला बसवलं, भावाच्या सुनेला ज्वारीची भाकरी करायला सांगितली, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "सर, मी लई इचार केलाय. अण्णांचं बरोबर हुतं. मी तोडून बोलनारी बाई. माझ्या हातात शाळा दिली असती तर मानसं तुटली असती. अण्णांना ते दिसलं हुतं."

मग जरा थांबून म्हणाल्या, "पयले पयले लई वाईट वाटायचं. आता न्हाई वाटत."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला दोषी ठरवून टाकलं होतं, आणि त्यात त्यांना थोडी शांतता मिळाली होती. ती मोडायला मी घाबरलो, असं मी परतीच्या बसमध्ये स्वतःला सांगितलं. तेही खरं नाही. त्या माझ्याकडं कशा बघतील, याला घाबरलो. मी भाकरी खाल्ली. बरी झाली म्हणालो. निघालो.

त्या आहेत अजून. घर मला माहीत आहे. सकाळची बस धरली तर दुपारच्या जेवणाच्या आत पोचता येतं. मी गेलेलो नाही.