कोपरीतला सर्वांत भित्रा माणूस

कोपरीपासून कल्याणपर्यंत माझ्या मामांइतका भित्रा माणूस झाला नाही, आणि ही गोष्ट कुणाला त्यांच्या पाठीमागे कुजबुजावी लागत नसे. ते स्वतःच चारचौघांत सांगत. त्या काळी आमच्याकडे शौर्याची रेलचेल होती. ज्याच्या पणजोबांनी वसईचा किल्ला लांबून पाहिला होता, तोही मिशीला पीळ देऊन बोले. अशा वीरांच्या बैठकीत सुपारी कातरता कातरता मामा म्हणत, "मला बुवा पालीची भीती वाटते. गडगडाटाची वाटते. होडीची तर विचारूच नका." वीर हसत. मामाही हसत, पण नजर आढ्याकडे ठेवून. तिथे पाल असण्याचा संभव असे.

मुलांना कुणी भीती घातलेली मात्र त्यांना मुळीच खपत नसे. एखाद्या ओसरीवरून 'बागुलबुवा आला' असे शब्द कानी पडले की रस्त्याने जाणारे मामा थेट आत शिरत. "वहिनी, घरात भाकरी कमी पडली का, की पोराला भीती वाढताय?" एकदा तर ते शाळेत जाऊन मुलांच्या रांगेत मांडी घालून बसले आणि मास्तरांना म्हणाले, "विचारा मला पाढे. छडी हातातच असू द्या." एकोणतीसच्या पाढ्यात मामा तिसऱ्या पायरीवर अडकले. छडी खाली ठेवायला लावून त्यांनी तोच पाढा घडाघडा म्हणून दाखवला. मास्तरांनी छडी पुन्हा उचलली, ती मामांसाठी. परंतु त्या दिवशी मुले मात्र हसत घरी गेली.

माझी धाकटी बहीण ठकू तेव्हा सहा-सात वर्षांची होती. ती जेवताना रेंगाळे, म्हणून आमच्या आत्याने तिला सांगून ठेवले की खाडीवरच्या रेल्वेच्या पुलाला मुले लागतात, पायात पुरतात, आणि न जेवणारी आधी नेतात. ठकू जेवू लागली, पण घराबाहेर पडेनाशी झाली. इंजिनाची शिट्टी वाजली की कणगीमागे जाऊन बसे, झोपेत दचके, पुढे पुढे बोलणेही बंद झाले. तेव्हा आत्यानेच निदान केले की पोरीला बाहेरचे लागले, आणि कोलशेतच्या एका भगताला बोलावणे धाडले. उपाय ठरलेला होता: पोटावर तापल्या सळईचा डाग. वडील थोरल्या बहिणीपुढे बोलत नसत. आई चुलीपाशी रडत होती.

शेगडीत सळई लाल झाली तेव्हा मामा आले आणि उंबऱ्यावर बसले. तेही शेगडीकडे पाठ करून.

"उठ रे तिथून," आत्या म्हणाली. "तुला पाहवणार नाही."

"नाहीच पाहवणार, अक्का. भगतदादा, डागाने भीती जाते ना?"

"जाते तर!"

"मग आधी मला डाग द्या. या घरात सर्वांत भित्रा मी. माझी गेली, तर पोरीचं पुढे बघू."

"मोठ्या मानसाला नाय देत," भगत म्हणाला.

"का? मोठा माणूस तुमचा हात धरतो म्हणून?"

जमलेली माणसे भगताकडे पाहू लागली. सगळ्यांदेखत मागे हटणे त्याच्या विद्येला शोभणारे नव्हते. मामांनी बाही वर केली. मग जी किंकाळी उठली, ती ऐकून स्टेशनावरचा हमालसुद्धा धावत आला. मामा घामाने निथळत होते. "झालं?" ते म्हणाले. "आता पाल दाखवा."

पाल शोधावी लागली नाही. भिंतीवर ती चुकचुकली मात्र, आणि डागलेला हात सावरत मामा झोपाळ्यावर चढून उभे राहिले. "भीती शाबूत आहे, अक्का! उपाय फुकट गेला!" भगत आपला नारळ घेऊन निघून गेला. आत्या महिनाभर मामांशी बोलली नाही. मामांनी तो आपला सर्वांत सुखाचा महिना मानला.

दुसऱ्या दिवसापासून ते कणगीपाशी येऊन बसू लागले. "ठके, मला पुलाची भीती वाटते गं. सोबत येतेस? आज अंगणापर्यंतच." मग अंगणापर्यंत, मग चिंचेपर्यंत, मग मिठागराच्या बांधापर्यंत. हात ती धरत असे. मामा मागून चालत. मध्येच ती थबकली की तेही थबकत, आणि ती निघेपर्यंत निघत नसत. एके दिवशी ओहोटीच्या वेळी दोघे पुलाच्या पायाशी पोचली. ठकूने वाकून खाली पाहिले, पुष्कळ वेळ पाहिले, आणि कित्येक दिवसांत प्रथमच बोलली.

"मामा, इथे नुसते खेकडे आहेत."

"खेकड्यांनाही मी भितो."

"मग माझ्या मागे उभे राहा."

आम्ही भावंडे पुढे मोठी झालो आणि शहाणपणाने समजून चुकलो की मामांची भीती हे आमच्यासाठी घेतलेले सोंग होते. ते निष्ठुर शहाणपण त्यांच्या अखेरच्या दुखण्यापर्यंत टिकले. आंबिवलीला सासरी असलेली ठकू, आपली मुलेबाळे घेऊन, येऊन उशाशी बसली होती. दुपारी खाडीकडून शिट्टी वाजली, तशी मामांनी हाताने खाटेची कड घट्ट धरली. त्या हातावरचा डाग अजून दिसत होता. सोंग घ्यायला आता समोर कुणी भित्रे मूल नव्हते.

"ठके," ते म्हणाले, "भीती वाटते गं. पुढे काय असेल?"

तिने त्यांचा हात धरला. "नुसते खेकडे आहेत, मामा," ती म्हणाली.

मामा हसले, आणि तिच्या मागे उभे राहायचे असावे तसे, किंचित तिच्या बाजूला सरकले.