एक नर राखला म्हणून

सरकारी ई-पीक पाहणीचा फोटो मोबाइलवरून पाठवला आणि मगच तो मोठा करून पाहिला. कपाशीच्या दोन ओळींमध्ये बोटांसारखी पानं होती. अंबाडी असेल म्हणून वाकून एक पान चुरडलं. वासानेच ओळखलं. भांग होती, आणि फोटोसोबत आमचा गट नंबर गेला होता.

गेल्या पावसाळ्यात सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, गोठ्यामागे भांगेची सात-आठ झाडं लावली होती. शिवरात्रीपुरती, घरची. मला कळलं तेव्हा ती कमरेएवढी झाली होती. उपटा म्हटलं, तर त्यांनी फक्त नर उपटले, तेही एक राखून. आयुष्यभर इथे रनाळे गावात पपई केलेला माणूस. पपईच्या जुन्या वाणात मादी झाडांमागे एखादा नर ठेवावाच लागे.

"नर नही ठेवा तं फळ कसं लागी?" त्यांनी मलाच शिकवलं.

भांगेत फळ नको असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्या एका नराचा पराग सगळ्यांवर बसला आणि झाडांचा जोर बियांत गेला. घोटून पाहिल्यावर नुसता कचरा शे, चढत बी नही, म्हणत आबांनी सगळं उकिरड्यावर टाकलं. उन्हाळ्यात तेच खत मी, माझ्या कामांच्या यादीप्रमाणे, चारही एकरांत पसरवून घेतलं.

आता तीन कामं ठरवली: रोपं उपटायची, दुरुस्तीच्या मुदतीत फोटो बदलायचा, कुणाला सांगायचं नाही. आबांना बोलावलं. उपटता उपटता ते म्हणाले,

"पोलीस उनात तं मन्हंच नाव सांगजो, बेटा."

मी आधीच तसं ठरवलं होतं. पुढचं रोप उपटलं.

फोटो बदलला. कुणी आलं नाही. पण सगळं बी एकदम उगवत नाही. पावसाच्या प्रत्येक सरीनंतर नवी रोपं दिसतात. म्हणून यंदा निंदणीला, तण काढायला, बायका सांगितल्या नाहीत; आम्ही दोघंच निंदतो. नेहमी निंदायला येणारी एक बाई बांधावर थांबली आणि आमना हातले काटा फुटनात का, म्हणून टोमणा मारला. मी हसून काहीतरी सांगितलं. ती कपाशीत उतरू लागली तसे आबा घाईने म्हणाले, "थांब, आत्तेच फवारनी करी शे."

ती थांबली. तिने आमच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग आबांच्या मुठीतून डोकावणाऱ्या पानांकडे, आणि बांधावरूनच निघून गेली.