डावीकडे पळणारा ससा

त्या सशाची केस आठवली की मला अजूनही एकट्याला हसू येते. इंग्लंडच्या पोलीस खात्यात सव्वीस वर्षे काढली. चोऱ्या, दरोडे, मारामाऱ्या, सगळे पाहिले. पण सुट्टीला घरी आलेली मुले जेवताना "बाबा, ती रॅबिटची स्टोरी सांगा ना," म्हणतात, ती याच केसबद्दल.

आधी थोडे स्वतःबद्दल. मी येवल्याचा. वडील पैठणी विणत. खड्ड्यातला माग, त्यावर वडील, आणि शाळेतून आलो की धाग्याच्या कांड्या भरायला मी. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. बी. ए. झाल्यावर मामांकडे लंडनमधल्या ईलिंगला आलो आणि काही वर्षांनी पोलिसात भरती झालो. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला या खात्याने घेतले, कामाला लायक केले, हे मी कधी विसरलो नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. केंब्रिजपासून तासाभरावरच्या एका छोट्या गावात मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. गावात लहानसे संग्रहालय होते. एका सोमवारी सकाळी तिथले प्रमुख स्टेशनवर आले. नवीन नेमणूक, मूळ अभ्यास जुन्या नाण्यांचा. वार्षिक मोजणीत एक वस्तू कमी भरली होती: कॉप्टिक विणकामाचा तळहाताएवढा गोल तुकडा, त्यावर पळणारा ससा.

कॉप्ट म्हणजे इजिप्तमधले जुने ख्रिस्ती लोक. चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वी तिथे लिननच्या उभ्या ताण्यावर लोकरीच्या आडव्या बाण्याने चित्रे विणत. अंगरख्याच्या खांद्यांवर आणि गुडघ्यांपाशी असे गोल असत, त्यांत ससे, बदके, द्राक्षांचे वेल. माणसाला त्याच कपड्यात पुरत आणि कोरड्या वाळूने कापड जपून ठेवले. पुढे व्यापाऱ्यांनी ते उकरले, कात्रीने चित्रांपुरते तुकडे कापले आणि उरलेले फेकून दिले. हे सगळे प्रमुखांनी जबाबात सांगितले. मी लिहून घेत होतो आणि कात्रीच्या वाक्याला माझे पेन थांबले होते.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. नाव न सांगता एका बाईने कळवले, "तुमचा ससा हवा असेल तर शिवणाच्या बाईंच्या जिन्यात बघा."

शिवणाच्या बाई म्हणजे गावातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय सत्तरच्या पुढे. दर शनिवारी त्या संग्रहालयात मुलांना विणकाम दाखवत. कपाटांची किल्ली त्यांच्याकडेही असे. मी गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच दार उघडले आणि वर बोट दाखवले. "सशासाठी आलात ना? पाय पुसून या."

जिन्यात खरोखर ससा होता. तोच आकार, तोच जांभळा रंग, त्याच वेलाची किनार. फरक एकच. संग्रहालयाच्या नोंदीतल्या फोटोत ससा डावीकडे पळत होता, बाईंचा उजवीकडे.

मी फ्रेम रीतसर ताब्यात घेतली, पावती दिली आणि बाईंना स्टेशनवर बोलावले. त्यांनी वकील नको म्हटले. जबाब टेप करायला दोन कॅसेट्स लावल्या, हक्क वाचून दाखवले.

"यंत्र चालू झालं का? मग मी नीट बसते," बाई म्हणाल्या.

"हे कापड तुमच्याकडे कुठून आलं?"

"आत्याकडून. ती पहिल्या महायुद्धात कैरोच्या इस्पितळात नर्स होती. तिथल्या बाजारात घेतलं म्हणायची."

"पावती?"

"सार्जंट, तुमच्या आत्या पावत्या देतात?"

"कोणत्या साली मिळालं?"

"आत्या गेली तेव्हा. छप्पन असेल. नाही, सत्तावन्न. जिन्याला हिरवा रंग होता तेव्हा." मग म्हणाल्या, "चोरलं असतं तर जिन्यात टांगलं असतं का हो? दूधवालासुद्धा बघतो ते."

माझा अनुभव असा, की खोटे बोलणारा माणूस तारखा घोकून येतो. खरा माणूस सालाला अडखळतो आणि भिंतीचा रंग सांगतो. पण भिंतीच्या रंगावर केस चालत नाही. निघताना बाईंनी पर्समधून संग्रहालयाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मागितली आहे त्यांनी. या शनिवारी मुलांना काय सांगायचं, तेवढं त्यांना विचारा."

आमच्या इन्स्पेक्टर साहेबांनी फाइल पाहिली. "किल्ली तिच्याकडे, वस्तू तिच्या घरात. आणखी काय हवं? शुक्रवारी आरोप ठेवा."

"पण सर, ससा उलट्या दिशेला आहे."

त्यावर प्रमुखांचे उत्तर तयार होते. हे विणकाम दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. बाईंनी तुकडा पालथा करून फ्रेम केला, झाले! डाव्याचा उजवा झाला.

घरी येऊन मी जेवायला बसलो. बायकोने विचारले म्हणून सांगितले. ती म्हणाली, "दोन्हीकडून सारखं? अहो, मग आपल्या लग्नातल्या पैठणीची उलटी बाजू तुमच्या वडिलांनी कशी ओळखली होती?"

घास हातातच राहिला. वडिलांनी चष्मासुद्धा न लावता ती ओळखली होती. मला लहानपणी त्यांनीच दाखवले होते. पैठणीतही चित्र दोन्हीकडून सारखे असते, पण कांडी एका जागेवरून दुसरीकडे नेताना धागा मागच्या अंगाने उडी मारतो. पुढून ती उडी दिसत नाही. बोट फिरवले की मागे लागते.

गुरुवारी सकाळी प्रमुखांना स्टेशनवर बोलावून त्यांच्याच हातांनी फ्रेम उघडवली. त्यांनी पांढरे हातमोजे घातले, मी भिंग घेतले. पुढच्या बाजूला सशाचा डोळा स्वच्छ होता. पाठीमागे डोळ्यापासून कानापर्यंत पांढऱ्या सुताची उडी, वेलापाशी आणखी तीन. म्हणजे तुकडा पालथा केलेला नव्हता. बाईंचा ससा मुळातच उजवीकडे पळणारा होता.

मग नोंदीतला फोटो भिंगाखाली धरला. तिथेही डोळा स्वच्छ. तोही सरळ बाजूचाच फोटो. म्हणजे ससे दोन होते. एकाच अंगरख्याचे दोन खांदे.

"पण मग आमचा कुठे आहे?" प्रमुख खुर्चीत बसले.

मला एक शंका आली. पालथा झालेला ससा संग्रहालयाचाच असला तर? "साहेब, उजवीकडे पळणारा ससा तुमच्या भांडारात आहे का? जरा उजळ रंगाचा?"

"नाही. म्हणजे... नंबर नसलेल्या वस्तूंच्या खणात एक आहे. पण तो आमचा नव्हे. आमचा फिकट आहे, शिवाय डावीकडे—" आणि ते तसेच उठले.

आम्ही दोघे पावसात चालत नाही, पळत गेलो. खण उघडला. ताठ पुठ्ठ्यावर टाचलेला उजळ जांभळा ससा, उजवीकडे पळणारा, आणि डोळ्यापासून कानापर्यंत पांढरे सूत दर्शनी बाजूला लोंबणारे! मी पुठ्ठा उचलून खाली पाहिले. तळाला एक पाकीट चिकटवलेले होते. आत कापडाची छोटी चिठ्ठी, तिच्यावर हरवलेल्या वस्तूचा नंबर.

संग्रहालयात कापड दुरुस्त करणाऱ्या पूर्वीच्या बाई आता एडिनबरात होत्या. त्यांना संग्रहालयातूनच फोन लावला.

"ससा ना? मीच उलटा केला," त्या आनंदाने म्हणाल्या. "पुढची बाजू उन्हाने विटली होती, मागची कशी ताजी होती! नाहीतरी दोन्हीकडून सारखंच असतं. नोंदीत लिहायचं राहिलं का? अगं बाई!"

शुक्रवारी आरोप ठेवायचा होता. त्याऐवजी मी बाईंच्या दारात फ्रेम घेऊन उभा होतो, शेजारी प्रमुख, हातात किल्ली. त्यांनी मान खाली घालून माफी मागितली.

"माफी ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण शनिवारी मुलांना हे तुम्ही सांगायचं. कापड कसं वाचायचं असतं ते. सार्जंट तुम्हाला मदत करतील."

मी केली. वीस मुलांसमोर उभा राहून मी येवल्याचा माग फळ्यावर काढला. तेवढा ताठ मी पदवी घेतानाही उभा नव्हतो.

बाईंनी आपला ससा संग्रहालयाला ठेवायला दिला. दोघे एकाच कपाटात लावले, समोरासमोर, मध्ये गळ्याएवढी जागा सोडून. खालच्या पाटीवर बाईंनी हट्टाने लिहून घेतले: उजवा ससा, संशयित आरोपीकडून.

पुढच्या उन्हाळ्यात वडील आले. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले होते. लंडन दाखवायच्या आधी मी त्यांना या कपाटापाशी नेले. बाईही आल्या होत्या. वडील काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिले.

"काय म्हणतात तुमचे वडील?" बाईंनी विचारले.

"अरे, त्यांना सांग," वडील म्हणाले, "डावा ससा निवांत विणलाय. उजव्याला फणीचा ठोका सैल पडलाय. त्या दिवशी विणणाऱ्याला घरी जायची घाई असणार."

मी इंग्रजीत सांगितले. बाई इतक्या मोठ्याने हसल्या की पहारेकरी आत आला. मग त्यांनी वडिलांचा हात धरून त्यांना पुढच्या कपाटाकडे नेले. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. बोटे दाखवत दोघे तासभर बोलत होते.

तपासाचे शास्त्र मला या देशाने शिकवले. समोरची बाजू कितीही पटली तरी वस्तू हातात घेऊन उलटून पाहायची, हे मी मागाशेजारी बसून शिकलो होतो. ते शिक्षण आहे हेच मला ठाऊक नव्हते. त्या दिवशी दुभाष्याची गरज संपल्यावर मी बाकावर बसून त्या दोघांकडे पाहत राहिलो.