ताईला भूक नसायची

आश्रमशाळेत मी मुलींची वजनं घेत होते. एक काटकुळी मुलगी काट्यावरून उतरेचना. "सिस्टर, मले अजून पाळी काऊन नाई आली?" मी सवयीनं म्हटलं, "वजन वाढू दे, येईल." बाहेर मोहफुलं वाळत होती. त्या गोड-आंबूस वासानं मला आमच्या गावच्या कुर्माघरात नेलं.

पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या त्या झोपडीत राहायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ताई रोज भात आणायची आणि शिवायचं नाही म्हणून दाराबाहेर पानावर ठेवून लांब बसायची. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तरी तिला पाळी आली नव्हती. पोरीत काही खोट आहे, असं बाया कुजबुजायच्या.

"तुले कशी आली वं माझ्याआधी?" तिनं विचारलं.

"तू काडी हायेस म्हणून," मी हसले.

तीही हसली. "खा तू. मले भूक नाई."

तिला कधीच भूक नसायची. लहानपणापासून तिचा अर्धा भात माझ्याच पानावर यायचा. त्याच वर्षी पावसाळ्यात ती तापानं गेली.

मुलगी अजून काट्यावरच उभी होती. मी विचारलं, "तुले लहान बहीण हाये का?"