साबणताईंचं रक्त

साबणताईंना या वयात दिवस गेलेत, अशी कुजबुज आमच्या प्रयोगशाळेत उठली तेव्हा त्यांची थोरली लेक लग्नाची होती. पुरावा भक्कम होता. बाई सकाळी बेसिनवर ओकताना दिसल्या, आणि घराशेजारचं औषधांचं दुकान सोडून पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, तोंडाला रुमाल बांधून, गोळ्या घेताना. मी भांडारात कामाला. असल्या बातम्या माझ्याकडे आपल्या पायांनी चालत यायच्या.

साबणताई हे नाव आम्हीच ठेवलेलं. हात न धुता आत आलेल्या सरांनाही त्या माघारी पाठवायच्या. ‘जंत काय आभाळातून पडतात?’ हे ठरलेलं वाक्य.

वर्षानुवर्षं पोरासोरांना दिल्या जाणाऱ्या एका जंताच्या औषधाने पेशींना इजा होते का, हे तेव्हा तपासणं चालू होतं. एकाच माणसाचं रक्त दोन नळ्यांत, एकीत औषध, दुसरी कोरी. डीएनए तुटला की पेशीत केंद्रकाशेजारी बारकासा तुकडा दिसतो. ते तुकडे साबणताई मोजायच्या. रक्तही त्यांचंच, कारण त्यांच्याइतकं निर्मळ कोण?

त्या खेपेला दोन्ही नळ्यांत सारखेच तुकडे निघाले. सर खूश. औषध निर्धोक, असा अहवाल जाणार होता.

साबणताई मात्र पांढऱ्याफटक. संध्याकाळी सरांच्या खोलीत शिरल्या, दार लोटून घेतलं. बाहेर आल्या त्या जमिनीकडे बघत. सर एवढंच म्हणाले, की प्रयोग पुन्हा करायचा, रक्त दुसऱ्याचं. मग काय, आमची खात्रीच पटली. शिपाईमामांनी पाळण्याचं विचारलं, तर बाई मान खाली घालून ‘बघू’ म्हणाल्या.

दुसऱ्याचं म्हणजे माझं. सुई हातात घेऊन त्यांनी विचारलं, “भाऊ, एवढ्यात जंताची गोळी घेतलीत?”

“मी कशाला घेऊ? मी हात धुतो ना, ताई.”

त्यांचे कान लालबुंद झाले. सुई ट्रेमध्ये ठेवली.

“मी घेतली होती. हीच. आणि तसंच रक्त दिलं. माझी कोरी नळी कोरी नव्हतीच. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.”

“अहो, पण लोक भलतंच बोलतायत.”

“बोलू देत. ते परवडलं.”

माझ्या कोऱ्या नळीत तुकडे जेमतेम, औषधाच्या नळीत ढीगभर. अहवाल बदलला.

आता सांगून टाका, असं हल्ली त्याच म्हणतात. साबणताईंना दिवस गेले नव्हते. त्यांना जंत झाले होते.